अडलेली कथा: ती कुठे अडते आणि कशी सुटते

दिवाळी अंकासाठी लिहिणाऱ्यांकडे जुलै महिन्यात एक फाइल हमखास सापडते. चार-साडेचार पानं झालेली, शेवटचं वाक्य अर्धवट, आणि दहा-बारा दिवस कुणी हात न लावलेली. संपादकांचा निरोप मे-जूनमध्येच आलेला असतो. अडीच ते चार हजार शब्दांची कथा ऑगस्टच्या आत हवी असते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष या वेळापत्रकावर फिरत आलंय. आणि दरवर्षी कितीतरी चांगल्या कथा याच चौथ्या पानावर बसून राहतात.

“सुचत नाहीये” असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या शब्दाने काहीच कळत नाही. कथा अडते ती चार-पाच ठरावीक कारणांनी, आणि कारण सापडलं तर उपाय अवघड नसतो. सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: लेखणी जिथे थांबली तिथे चूक क्वचित असते. ती दोन-तीन पानं मागे झालेली असते. म्हणून शेवटच्या वाक्याकडे बघत बसून काही हाती लागत नाही. मागे जावं लागतं.

आधी एक प्रश्न, तोही कागदावर

कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहा: पुढे काय घडतं ते मला माहीत नाही, की माहीत आहे पण लिहायला नको वाटतंय?

हे मनात विचारू नका, लिहूनच विचारा. मनात आपण स्वतःला सहज फसवतो. या दोन अवस्था बाहेरून सारख्याच दिसतात, कारण दोन्हीत माणूस चहा करायला उठतो आणि मोबाइल बघतो. उपाय मात्र अगदी उलटे आहेत. पहिल्या अवस्थेत थांबून विचार करायचा असतो. दुसऱ्या अवस्थेत विचार थांबवून लिहायचं असतं. उपायांची अदलाबदल झाली की दोन आठवडे वाया जातात.

माहीत नाही, तर काय माहीत नाही?

इथे एक कथा समोर ठेवू म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. सातारा जिल्ह्यातलं एक गाव. वडील वारले. अक्का पुण्यात पोळी-भाजी केंद्र चालवते, वय अठ्ठावन्न. धाकटा भाऊ दत्ता बायको मंगलसोबत गावी राहून शेती बघतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाएवढाच हक्क मिळाला. म्हणून दत्ताला अक्काची हक्कसोडपत्रावर, म्हणजे वाटा सोडल्याच्या कागदावर, सही हवी आहे. त्याने तिला बोलावलं, ती एसटीने आली. लेखकाने लिहिलं:

“अक्का अंगणात आली. मंगलने पाणी दिलं. घरात एक अस्वस्थ शांतता पसरली होती. दत्ताने प्रवासाची चौकशी केली. अक्काच्या मनात आठवणींनी गर्दी केली. चहा झाला. कुणीच विषय काढत नव्हतं.”

आणि कथा इथे थांबली. विषय कुणी काढत नाही, कारण लेखकालाच माहीत नाही की तो काढल्यावर अक्का काय करेल. चूक चहाच्या प्रसंगात नाही. ती पहिल्या पानावर आहे. अक्का एसटीत बसली तेव्हा तिला काय हवं होतं, हे तिथे ठरलेलंच नव्हतं.

उपाय असा. त्या पात्राला आज, या दुपारी काय हवंय ते एका ओळीत लिहा. “प्रेम”, “न्याय”, “सन्मान” हे शब्द चालणार नाहीत. हातात धरता येईल किंवा कानाने ऐकता येईल अशीच गोष्ट लिहायची. पाच पर्याय काढा, पाचाहून कमी नको. पहिले दोन कुणालाही सुचतील असे येतात, तिसरा ओढूनताणून येतो, कथा बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्यात असते. अक्कासाठी यादी अशी होईल: जमिनीतला वाटा हवा. त्याच्या बदल्यात पैसे हवेत. आईची लाकडी पेटी हवी. सातबाऱ्यावरचं आपलं नाव राहायला हवं. आणि पाचवं: दत्ताने आपल्या तोंडाने विचारायला हवं, “अक्का, सही करशील का?”

पाचवं धरलं की सगळी दुपार बदलते. कारण दत्ताने कागद तयार केलेत, कचेरीत नंबर लावलाय, साक्षीदार सांगून ठेवलेत. फक्त विचारलेलं नाही. तिला विचारून घ्यायचंय, त्याला विचारायचं टाळायचंय. आता तोच प्रसंग:

“मंगलने तांब्या पुढे केला. ‘वन्सं, उनातनं आलाय. आधी पाणी घ्या.’ अक्काने तांब्या घेतला, पण ओसरीच्या कडेलाच टेकली. आत गेली नाही. दत्ताने खुंटीवरची पिशवी काढून टीव्हीवर ठेवली. मग परत खुंटीला लावली.

‘उद्या अकराचा नंबर हाय,’ तो म्हणाला.

‘कशाचा?’

दत्ताने मंगलकडे बघितलं. ‘च्या टाक गं.’”

शब्द पहिल्यापेक्षा पंधरा-सोळाच वाढलेत. “अस्वस्थ शांतता” गेली आणि तिच्या जागी पिशवी आली. “कशाचा?” या एका शब्दामुळे पुढचा प्रसंग आपोआप उघडला, कारण तिला उत्तर माहीत आहे आणि तरी ती विचारते. असं एक वाक्य सापडलं की कथा पुन्हा चालायला लागते.

दुसऱ्या पात्राचीही अशीच ओळ काढा. दोघांच्या इच्छा एकमेकींच्या आड येत नसतील तर प्रसंग उभा राहणार नाही, कितीही छान वर्णन करा. मधल्या पानांवर अडलेल्या कथांमध्ये मला हे कारण सगळ्यात जास्त वेळा दिसतं.

माहिती कमी पडली की कल्पनाही बसते

आता समजा कथा दुसऱ्या दिवशीच्या कचेरीत पोचली आणि परत अडली. असे कागद जिथे नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयात नेमकं काय होतं? कोण कुठे बसतं? लेखकाने ते पाहिलेलंच नसेल तर तो “सरकारी कार्यालयातली नेहमीची गर्दी” असं काहीतरी लिहितो. पुढचं वाक्य सुचत नाही, आणि दोष प्रतिभेला दिला जातो. खरं तर प्रतिभेला खायला काही दिलेलंच नसतं.

अशा वेळी टेबल सोडून त्या जागी जा. कथेतला प्रसंग ज्या वेळी घडतो त्याच वेळी जा आणि दीड-दोन तास बसा. वही उघडी ठेवू नका, लोक सावध होतात. बाहेर आल्यावर मात्र तासाभरात लिहून काढा, रात्रीपर्यंत ठेवलंत तर निम्मं गेलेलं असेल. पाच गोष्टी टिपायच्या: कशाचा वास होता, आवाज कुठून येत होते, लोक हातात काय धरून बसले होते, एक अख्खं वाक्य जसंच्या तसं, आणि कुठलं काम वारंवार अडत होतं.

शेवटची नोंद सोन्यासारखी असते. कचेरीत छोट्या कॅमेऱ्यासमोर फोटो काढतात, सही घेतात आणि अंगठा यंत्रावर ठेवायला सांगतात. वर्षानुवर्षं हाताने काम केलेल्या माणसांचा ठसा अनेकदा उमटतच नाही, बोटाच्या रेषा झिजलेल्या असतात. मग “मावशी, पदराला पुसा, परत ठेवा, जरा दाबून” असं चालू राहतं. अक्काचा अंगठा तर गरम तव्यावर पोळ्या उलटून उलटून गुळगुळीत झालेला. तिने सही केली आहे, पण यंत्र तिला ओळखत नाही. दत्ता तिचा हात धरून अंगठा काचेवर दाबतोय. किती वर्षांनी त्याने तिचा हात धरलाय! हा प्रसंग खोलीत बसून कुणाला सुचला नसता. तो त्या काचेपाशीच मिळतो.

जाता येत नसेल तर तिथे रोज काम करणाऱ्या माणसाशी वीस मिनिटं बोला. “कामाचं स्वरूप सांगा” असं विचारलंत तर माहितीपत्रक ऐकायला मिळेल. “काल कुणाचं काम अडलं आणि का?” असं विचारा.

उलट धोकाही आहे. माहिती गोळा करणं हे न लिहिण्याचं फार प्रतिष्ठित निमित्त आहे. एका प्रसंगासाठी एक भेट आणि एक संभाषण, त्यापुढे नाही. राहिलेली फट चौकटी कंसात खूण करून सोडा: [मुद्रांकाची रक्कम बघणे]. आणि पुढे जा.

कथेच्या पिशवीत कादंबरी

दोन हजार शब्द झाले आणि अजून माणसांची ओळखच करून देणं चालू आहे, तर मोजून बघा. तीन हजार शब्दांच्या कथेत तीन ते चार प्रसंग मावतात, प्रत्येकी सहाशे-सातशे शब्दांचे. बाकीचे शब्द सांधेजोडीला जातात. मुख्य माणसं दोन, कडेची दोन किंवा तीन. कथेतला काळ एक-दोन दिवसांचा असेल तर बरं. नावं असलेली पात्रं सहाच्या वर गेली असतील तर खर्डा इथेच थांबवा आणि प्रत्येक पात्रापुढे लिहा: हा नसता तर कुठला प्रसंग पडला असता? उत्तर नसेल तर त्याला काढा. अक्काचा पुण्यातला मुलगा, त्याची नोकरी, सुनेचं माहेर हे सगळं लेखकाला माहीत असायला हरकत नाही. कथेत त्यातला फक्त एक फोन येऊ द्या.

माहीत आहे, पण लिहायला नको वाटतंय

याची तीन कारणं. पहिलं, तो भाग तुम्हालाच कंटाळवाणा वाटतोय. अक्काचा एसटीचा प्रवास लिहायलाच हवा असं वाटतं, कारण ती एसटीने येणार हे ठरलंय. मग तीन दिवस स्वारगेटच्या फलाटावर जातात. सरळ लिहा: [प्रवास, नंतर]. आणि तिला अंगणात आणून उभी करा. कथा संपल्यावर बघाल तर त्या कंसाची आठवण बहुधा कुणालाच येत नाही. लिहिणाऱ्याला कंटाळा आला ती जागा वाचणाराही गाळूनच वाचतो.

दुसरं कारण, पहिल्याच पानाची घासपूस. पहिलं पान दहा वेळा सुधारलेलं, पाचवं कोरं. रोज बसल्यावर वरून वाचत आलं की उमेद पहिल्या पानावरच खर्च होते. यावर हातानेच बंधन घालावं लागतं: रोज नवी फाइल उघडा, नाव फक्त तारखेचं. काल लिहिलेल्याच्या शेवटच्या तीन ओळी उतरवून घ्या आणि तिथून पुढे लिहा. सगळे तुकडे शेवटीच जोडायचे. ऱ्हस्व-दीर्घ, नावातली गफलत, काळ बदललेला, काहीही दुरुस्त करायचं नाही. मंगलचं नाव मध्येच लता झालं तरी चालेल.

तिसरं कारण भीतीचं आहे, आणि त्याकडे आदराने बघायला हवं. घरातलं कुणीतरी हे वाचेल. बहिणीला वाटेल हे माझ्यावरच लिहिलंय. मराठी घरांत दिवाळी अंक चार घरं फिरतो, ही भीती काही पोकळ नाही. पण माझं मत ठाम आहे: ज्या प्रसंगापाशी हात असा थरथरतो, तो बहुतेक वेळा त्या कथेतला सगळ्यात जिवंत प्रसंग असतो. तो टाळलात तर बाकीची कथा त्याच्या भोवती घुटमळत राहील.

म्हणून तो प्रसंग वेगळ्या कागदावर, हाताने लिहा. हा कागद कुणाला दाखवायचा नाही असं स्वतःशी कबूल करूनच लिहा, आणि त्यात खरी नावंही चालतील. पूर्ण झाल्यावर तीन गोष्टी बदला: गाव, व्यवसाय आणि नात्याचा एक धागा. सख्खा भाऊ चुलत करा, शेताच्या जागी चाळीतली खोली आणा, शिक्षकाला कंपाउंडर करा. एकच बदल केला तर माणूस ओळखू येतो. तीन केले की पात्र आपल्या पायावर उभं राहतं, आणि लेखकालाही मोकळं वाटतं. मग तो प्रसंग छापायचा की नाही ते सगळं झाल्यावर ठरवा. आज फक्त लिहायचाय.

भाषा अडते तेव्हा

घटना माहीत आहे, भीती नाही, तरी प्रत्येक वाक्य खोटं वाटतंय. हे दुखणं मराठीत विशेष आहे, कारण आपण ज्या भाषेत वाढलो आणि ज्या भाषेत निबंध लिहिले त्या बहुतेकांच्या बाबतीत दोन वेगळ्या भाषा असतात. गोष्ट मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत घडलेली असते आणि आपण ती शाळेतल्या मराठीत उतरवायला बसतो.

तपासणी सोपी आहे. अडलेला परिच्छेद मोबाइलवर रेकॉर्ड करा. वाचू नका, सांगा. समोर मावशी बसलीय आणि तिला सांगताय असं समजून दोन मिनिटं बोला. मग ऐकून जसंच्या तसं उतरवा, “म्हणजे बघ”, “तर झालं काय” यांच्यासकट. आता दोन्ही उतारे शेजारी ठेवा. कथा कुठल्या आवाजात आहे ते तिथे दिसतं. निवेदन बोलीत, निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत, किंवा सगळंच प्रमाण, तिन्ही रस्ते चालतात. पण निवड पहिल्या पानावर व्हायला हवी. मध्येच रस्ता बदलला की लिहिणाऱ्याचा पाय अडखळतो आणि त्याला कारण कळत नाही.

मोबाइलला तोंडी मजकूर सांगून टाइप करवून घेता येतो, पण बोलीसाठी त्यावर विसंबू नका. बोलीतले शब्द ऐकून तो जवळचे प्रमाण शब्द टाकतो, “हाय”चं “आहे” करतो आणि विरामचिन्हं खातो. रेकॉर्ड करून हाताने उतरवणं सावकाशीचं आहे, तरी तेच बरं.

संवाद अडला असेल तर आणखी एक जागा तपासा: कोण कुणाला काय म्हणतं? मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांत निम्मं नातं सांगून होतं. दत्ता अक्काला “तू” म्हणतो. मंगल तिला “वन्सं, तुम्ही” म्हणते. कचेरीतला कारकून “मावशी” म्हणतो. आणि कारकुनाने “या कोण?” विचारल्यावर दत्ता एकदम म्हणतो, “ह्या माझ्या भगिनी.” जन्मात कधी तोंडी नसलेला शब्द. अक्का त्याच्याकडे वळून बघते. रागाचं, दुःखाचं वेगळं वर्णन करायची गरजच उरत नाही. खर्डा पुढे न्यायच्या आधी पात्रांची एक छोटी यादी करा: कोण कुणाला काय हाक मारतं, एकांतात काय आणि चारचौघांत काय. दहा मिनिटांचं काम आहे.

रोजचं बसणं

एक बैठक पंचेचाळीस मिनिटांची. तेवढ्यात तीनशे ते चारशे शब्द होतात, म्हणजे रेघी फुलस्केपची साधारण दीड-दोन पानं. आठवड्यात पाच बैठका झाल्या तर तीन हजार शब्दांचा पहिला खर्डा दोन आठवड्यांत हाती येतो. नोकरी सांभाळून हे जमतं. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. त्याचा वेग आपल्याला नको. घड्याळ समोर ठेवण्याची सवय मात्र उचलण्यासारखी आहे, कारण “बैठक संपली” हे आपल्या मनःस्थितीऐवजी घड्याळाने ठरवायला हवं.

मराठी टायपिंग हळू असेल, मिनिटाला पंधरा शब्दांच्या खाली, तर पहिला खर्डा हातानेच लिहा. “क्ष”, “ज्ञ”, “ऱ्या” शोधण्यात बोटं अडकली की वाक्याची लय तुटते, आणि आपण नकळत सोपी अक्षरं असलेले शब्द निवडायला लागतो. कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो ती सोय तर लिहिताना बंदच करा. तो सगळ्यांना सारखेच शब्द सुचवतो.

विहीर कोरडी होईपर्यंत उपसू नका. पुढचं वाक्य माहीत असताना थांबा. अमेरिकन कथाकार हेमिंग्वेने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत आपली हीच रीत सांगितली होती: पुढे काय होणार ते ठाऊक असताना थांबायचं. त्यात एक छोटी भर घाला. उठताना पानाच्या तळाशी उद्याच्या दोन ओळी शिसपेन्सिलीने लिहून ठेवा. “दत्ता च्या टाक म्हणतो. अक्का मुद्दाम मंगलच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाते.” दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही.

बसूनही काहीच येत नसेल तर दहा मिनिटं हात न उचलता लिहा, काहीही. “आज काही येत नाही, पंखा आवाज करतोय” इथून सुरुवात चालेल. पहिली सहा-सात मिनिटं कचरा असतो. शेवटच्या तीन मिनिटांत बहुधा एखादी ओळ कथेकडे वळते. ती ओळ ठेवा, कागद फाडून टाका.

दहा-बारा बैठका अशाच कोरड्या गेल्या तर कथा पंधरा दिवस कपाटात ठेवा आणि दुसरं काही लिहा. आणि लिहिण्याबरोबर झोप, भूक, माणसांत मिसळणं हेही आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, तर ही कथेची अडचण नव्हे. डॉक्टरांना दाखवा. तिथे पंचेचाळीस मिनिटांच्या बैठकांनी काही होणार नाही.

शेवट सापडत नाही

दोन शक्यता आहेत. शेवट अजून आलेला नाही, किंवा तो होऊन गेलाय. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी ठरते. शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि वाचा. मग शेवटचे दोन झाका. जिथे झाकल्यावर अजिबात उणीव वाटत नाही, तिथे कथा संपली होती. त्यानंतरचं सगळं लेखकाने वाचकाला समजावून सांगितलेलं असतं.

शेवट खरंच नसेल तर तीन वेगळे लिहा, प्रत्येकी शंभर शब्द, प्रत्येकाला वीस मिनिटं. अक्काचा ठसा उमटतो आणि ती परतीची एसटी धरते. ठसा उमटत नाही, साहेब उद्या या म्हणतात, आणि तिला एक रात्र जास्त माहेरी राहावं लागतं. किंवा ती अंगठा पदरात गुंडाळून म्हणते, “दत्ता, आधी विचार मला.” तिन्ही लिहून झाल्यावर पहिल्या पानावरची तिच्या इच्छेची ओळ काढून बघा. तिसरा शेवट त्या ओळीला सरळ उत्तर देतो, म्हणून जरा बटबटीत वाटतो. दुसरा मला जास्त आवडतो. त्यात विचारायला अजून एक रात्र आहे, आणि दत्ता विचारेल की नाही हे वाचक कथा मिटल्यावरही मनात धरून राहतो. शेवटच्या ओळीत कुणीतरी काहीतरी करत असू द्या: अंथरूण घालणं, कडी लावणं. विचार करत बसलेल्या माणसावर संपलेली कथा विरून जाते.

हातावेगळी करताना

खर्डा पूर्ण झाल्यावर किमान एक आठवडा ठेवा. मग मोठ्याने वाचा, तीन हजार शब्दांना पंचवीस मिनिटं पुरतात. जीभ अडली तिथे खूण करा, थांबून दुरुस्ती करू नका. त्यानंतर तयार शब्दप्रयोग शोधा: “डोळ्यांच्या कडा पाणावल्या”, “काळजात धस्स झालं”, “क्षणभर”, “नकळत”, “कसलीशी”. एकेकाच्या जागी त्या माणसाने हाताने काय केलं ते लिहा किंवा तो शब्दच उडवा. सलग चार वाक्यं “होता-होती-होतं”ने संपत असतील तर मधली दोन मोडा. एवढ्यात दहा टक्के मजकूर सहज कमी होतो.

पाठवताना युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल द्या, सोबत पीडीएफ. जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर होताना “ऱ्य” आणि “र्य” यांची गल्लत होते. “दऱ्या”चा “दर्या” झालेला मुद्रितशोधकाला दिसेलच असं नाही, पण पीडीएफ असेल तर त्याला पडताळता येतं. एकच कथा दोन अंकांना पाठवू नका.

कापलेला मजकूर मात्र पुसायचा नाही. “शिल्लक” नावाच्या एका फाइलमध्ये तारीख घालून ठेवा. अक्काच्या एसटीच्या प्रवासाचा कंस रिकामाच राहिला असेल, पण एखाद्या खर्ड्यात तिच्या शेजारी बसलेली, मांडीवर शिवणयंत्राचं मुंडकं घेऊन निघालेली बाई उतरलेली असते. पुढच्या मे महिन्यात संपादकांचा निरोप येईल तेव्हा आधी ती फाइल उघडा, आणि त्या बाईला आज दुपारी काय हवंय याचे पाच पर्याय लिहायला बसा.